गंगव्वाच्या टाकीचा जोड

बेळगावच्या उद्यमबागेत मायाप्पा कांबळ्यांच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये एकदा कुंदा वाटला गेला, आणि तोही कशापायी, तर वेल्डिंग गंजलं म्हणून! शेजारच्या शेडचा नागोजी पोट धरून हसला. काम चोख झालं म्हणून पेढे वाटणारे पुष्कळ असतात, पण गंजलं म्हणून कुंदा वाटणारा माणूस उभ्या बेळगावात हा पहिलाच. आता मायाप्पाला एवढ्या आनंदाच्या उकळ्या फुटायला काय झालं होतं, हे कळायचं तर आधी टाकीची गोष्ट ऐकायला हवी.

मायाप्पा मूळचा निपाणीचा. त्याची आई गंगव्वा तिथल्या तंबाखूच्या वखारीत उभी हयात राबली. वखारीत पाण्याचा माठ होता, पण गंगव्वाचा हात त्या माठाला लागायचा नाही. कुणीतरी तांब्या बुडवायचं, वरनं धार सोडायचं, आणि गंगव्वानं खाली वाकून ओंजळ धरायची. पुढं दिवस फिरले. पोरगा आयटीआय करून बेळगावला आला, वेल्डर झाला, स्वतःची शेड टाकली. नात करिष्मा शिकून कॉलेजात शिकवायला लागली. म्हातारीनं हे सगळं डोळे भरून बघितलं. पण ती ओंजळ काही तिच्या मनातनं गेली नाही. "तहान भागायची रं," ती म्हणायची, "पर मान वर करून कवा पाणी प्याले न्हाय बग तितं."

म्हणून आई गेल्यावर मायाप्पानं मनाशी पक्कं केलं, जिथं ती वखार होती त्या कोपऱ्यावर पाण्याची टाकी बसवायची. नळ असे पाहिजेत की ज्यानं त्यानं आपल्या हातानं फिरवायचे. कुणी वरनं ओतायचं नाही, कुणी खाली वाकायचं नाही. रीतसर परवानगी काढली, नळाची जोडणी घेतली, हजार लिटरची स्टेनलेसची टाकी करायला घेतली. बाजारात तयार टाक्यांचा काय तुटवडा होता? पण आईची टाकी विकत आणायची, हे त्याच्या मनाला पटेना. प्रत्येक जोड आपल्या हातचा पाहिजे.

आता मायाप्पाचा हात म्हणाल तर लोखंडावर बसलेला. उसाच्या ट्रॉल्या, गेटं, शेडचे खांब. संकेश्वरकडच्या रस्त्यावर उसानं भरलेल्या ट्रॉल्या डुलत जातात ना, त्यातल्या कितीतरी त्यानं जोडलेल्या. त्याच्या वेल्डिंगच्या मिग मशीनशेजारी गॅसचे दोन सिलिंडर उभे असायचे. एक निव्वळ सीओटूचा, कार्बन डायऑक्साइडचा, तो रोजच्या कामाला. दुसरा मिक्सचा, म्हणजे ऐंशी भाग आर्गॉन आणि वीस भाग सीओटू. तो जरा ठेवणीतला. त्यानं शिंतोडे कमी उडतात, जोड दिसायला देखणा येतो. घरात रोजची चटई वेगळी आणि पाहुण्यांची सतरंजी वेगळी असते, तसं. आईची टाकी म्हटल्यावर मायाप्पानं अर्थातच सतरंजी काढली. तार स्टेनलेसची आणली, गॅस मिक्सचा लावला आणि जीव ओतून जोड घातले. जोड दिसायला असे सुरेख आले की तो स्वतःच दोनदा हात फिरवून आला.

थंडीत टाकी बसली. आणि काय सांगावं, माणसं नुसती लोटली. बाजाराला आलेली खेड्यापाड्यातली बायामाणसं, रिक्षावाले, कॉलेजची पोरं. टाकीच्या उजव्या हाताला आक्काताई फुलं विकायला बसायची. साठी उलटलेली, तोंडानं फटकळ बाई. ती रोज सकाळी कळशी भरून घ्यायची आणि दिवसभर फुलांवर पाणी शिंपडायची. रस्त्यापलीकडं मारुतीरावाचं चहाचं हॉटेल. त्यानं तर आपला पिंपच टाकीवर भरायला सुरुवात केली. "अण्णा, पुण्य लागंल तुमास्नी," तो मायाप्पाला म्हणायचा, "माझी लांबची खेप वाचली." मायाप्पा आठवड्या-पंधरवड्यानं निपाणीला यायचा आणि नळाखालचा चिखल बघून खूश व्हायचा. हो, चिखल! चिखल आहे म्हणजे पाणी सांडतंय, पाणी सांडतंय म्हणजे माणसं पितायत.

आईचं वर्ष भरलं तेव्हा टाकीवर पाटी बसवली. 'गंगव्वा बाळाप्पा कांबळे यांच्या स्मरणार्थ'. छोटीशी बुद्धवंदना झाली. मारुतीराव हार घेऊन आला, फोटोत पुढं उभा राहिला. उन्हाळा तोंडावर आला होता. आता गर्दी दुप्पट होईल, असं मायाप्पा मनात म्हणाला.

पुढच्या खेपेला आला तर नळाखालची माती कोरडी ठणठणीत.

मायाप्पानं झाकण उघडून बघितलं. टाकी काठोकाठ भरलेली. नळ फिरवले, चारही व्यवस्थित. ऊन मी म्हणत होतं आणि एक माणूस टाकीकडं फिरकत नव्हता. मारुतीरावाच्या दारात बाहेरनं आणलेले पाण्याचे जार उभे. आक्काताई कुठलीशी बाटली घेऊन फुलांवर शिंपडत होती. मायाप्पाकडं बघून हसली आणि परत खाली बघून गजरा ओवायला लागली.

विचारावं? पण विचारायचं कसं? 'का हो, पाणी का पीत न्हाई?' आणि समजा कुणी खरंच उत्तर दिलं तर?  मायाप्पा पाटीकडं बघत राहिला. कांबळे हे आडनाव दुपारच्या उन्हात चांगलं लखलखत होतं.

मग त्याची नजर खाली गेली. बुडाच्या जोडाला लागून तांबूस रेघ आली होती. नळाच्या बुंध्याशी तर ओघळ उतरला होता. त्यानं बोट फिरवून बघितलं. गंज! स्टेनलेसला गंज! कुणी दुसरा वेल्डर असता तर त्यानं कपाळावर हात मारून घेतला असता. मायाप्पानं मात्र सुटकेचा श्वास टाकला. कारण मनात एकदम उजाडलं, की अरे, लोक ह्या डागामुळं पीत नसतील! पाटी आणि डाग एकाच पंधरवड्यात आले होते. दोघांतला गुन्हेगार कोण, एवढाच प्रश्न होता.

रात्री जेवताना त्यानं करिष्माला सांगितलं. पोरगी सरळ बोलणारी.

"आप्पा, डाग न्हाय. पाटी."

"तुला काय म्हाईत? तू बघितलीस काय रेघ? तांबडीलाल आल्या."

"पाटी लावायच्या आधी मारुतीराव पिंप भरत होता. पाटी लागली, पिंप थांबला. ह्यात कळायचं काय ऱ्हायलंय?"

"डागबी तवाच आला की गं."

करिष्मानं ताटातली भाकरी मोडली, पण घास उचलला नाही. "तुमाला डागच पाहिजे आप्पा. तुमाला तुमची चूक पाहिजे. गॅस बदलून माणसं बदलत न्हाईत."

 पोरगी खरं बोलली होती. मायाप्पाला आपली चूकच पाहिजे होती. चूक आपली असली तर ती आपल्या हातानं दुरुस्त करता येते. ती आपली नसली तर काय दुरुस्त करायचं? तीस वर्षं झाली तो जोड घालतोय, पण असा जोड घालायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो नागोजीकडं गेला. नागोजी येळ्ळूरचा. त्याची शेड मायाप्पाच्या शेडला लागूनच. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमच्या कामात मुरलेला माणूस आणि जिभेला हाड नसलेला. मायाप्पानं सगळं सांगितलं, फक्त पाटीचं सोडून.

"गॅस कुठला लावलातास?" नागोजीनं विचारलं.

"मिक्स. ऐंशी-वीस. चांगला म्हणून."

"चांगला म्हणून!" नागोजीनं तंबाखू मळता मळता हात थांबवला. "लेका, तुझ्या लग्नातला कोट चांगला हाय म्हणून तू शेतात घालून जाशील काय? ऐंशी-वीस चांगला, पर लोखंडाला चांगला. चांगला-वाईट असा गॅसच नसतोय. कुठल्या धातूला कुठला, एवढंच असतंय."

आणि मग नागोजीनं मांडी घालून त्याला सांगितलं. मायाप्पाला यातलं थोडं ठाऊक होतं, थोडं विसरला होता, आणि थोडं कधी लागलंच नव्हतं. धातू वितळला की त्यावर हवा बसायला टपलेली असते. ती बसू नये म्हणून गॅसचं पांघरूण. लोखंड आडदांड, त्याला निव्वळ सीओटू चालतो. जोड खोल जातो, शिंतोडे उडाले तर उडाले. ॲल्युमिनियम सोवळं, त्याला निव्वळ आर्गॉन पाहिजे. सीओटूचा वास जरी लागला तरी काळं पडतं, आत भोकं पडतात. आणि स्टेनलेस ह्या दोघांच्या मधलं. निव्वळ आर्गॉन दिला तर आर्क, म्हणजे धातू वितळवणारी विजेची ज्योत, भिरभिरतो, एका जागी बसत नाही. म्हणून आमटीत मीठ टाकावं तसा चिमूटभर सीओटू टाकायचा. शंभरात दोन भाग, बस्स.

"आन् तू वीस टाकलास," नागोजी म्हणाला. "आमटी खारट व्हणार न्हाय तर काय? त्यातला कार्बन जोडात उतरतोय. स्टेनलेसचं जे गंज थोपवणारं बळ असतंय, ते तितंच मरतंय. वरनं दिसायला झ्याक, आतनं पोकळ. आन् घासलास कशानं?"

"तारेच्या ब्रशनं."

"लोखंडावर वापरत्यात त्याच?"

मायाप्पा हाताला लागलेली काजळी पुसायला लागला.

"व्हय की न्हाय? त्याच ब्रशनं लोखंडाचा चुरा चोळून ठेवलास वरनं." नागोजीनं तंबाखू तोंडात टाकली. "पर एक सांग. जोड गंजला तर माणसाचं तोंड पडतंय. तुझं असं उजळलंय कशानं?"

तेव्हा मायाप्पानं पाटीचं सांगितलं. नागोजीचं हसू मावळलं.  तो उठला आणि कोपऱ्यातनं स्टेनलेसच्या कापलेल्या पट्ट्या काढून मायाप्पाच्या पुढ्यात टाकल्या.

"माझ्या तोंडावर इश्वास ठेवू नको. करून बग."

मग करून बघितलं. एकाच पत्र्याचे तुकडे, एकच तार, एकच हात. नवा कोरा ब्रश आणला. बदलायचा तो फक्त गॅस. एक जोड निव्वळ सीओटूवर, एक ऐंशी-वीसवर. आणि गॅसवाल्याकडून मागवलेला अठ्ठ्याण्णव-दोनचा सिलिंडर आला तेव्हा तिसरा जोड त्यावर. तिन्ही तुकडे दोरीला बांधून मिठाच्या पाण्यात सोडले. नागोजी येता-जाता बादलीत डोकवायचा. "काय पावणं, लोणचं मुरलं काय?"

मायाप्पा मात्र रोज सकाळी शेड उघडली की आधी बादलीपाशी जायचा. कुलूप हातात, चपला पायात, तसाच. लोकांच्या शेडमध्ये सगळे देवाला म्हणतात, जोड टिकू दे. हा म्हणायचा, गंजू दे रे बाबा, ऐंशी-वीसवाला गंजू दे. सीओटूवाला पहिल्यांदा तांबडा झाला, त्याचं त्याला काही वाटलं नाही. मग एका सकाळी ऐंशी-वीसच्या जोडावर नखाएवढा तांबूस ठिपका दिसला. दुसऱ्या दिवशी त्याची रेघ झाली, थेट टाकीवर होती तशीच. आणि अठ्ठ्याण्णव-दोनचा जोड तसाच चकचकीत. मायाप्पा तिथंच बादलीशेजारी उकिडवा बसला. डोळ्यांत पाणी आलं ते पुसलंही नाही. मग उठला आणि गावात जाऊन कुंदा घेऊन आला.

"वेल्ड गंजलं म्हणून कुंदा!" नागोजी हसून हसून लाल झाला, पण दोनदा मागून खाल्ला.

टाकी काढून आणायचं ठरलं. त्याच दिवशी मारुतीरावाचा फोन आला. बाजारात बातमी पोचायला वेळ लागत नाही.

"अण्णा, टाकी नव्यानं करालाय म्हणं. लई चांगलं. एक सुचवू काय? राग मानू नका."

"बोला की."

"ती पाटी जरा मागच्या अंगाला लावू या. म्हंजे पुढचा पत्रा मोकळा दिसंल. शोभा येईल. आईचं नाव काय कुठं जातंय व्हय? मागं असलं तरी नाव ते नावच."

फोन ठेवल्यावर मायाप्पाचं चित्त कशात लागेना. मारुतीराव गोड बोलला होता, पण गोड बोलण्यातनंच कधीकधी जास्त कळतं. आणि खरं सांगायचं तर मायाप्पाला मोह झाला. पाटी मागं लावली तर काय बिघडलं? माणसं येतील, पितील, नळाखाली चिखल होईल. आईला तरी आणखी काय पाहिजे होतं? मान वर करून पाणी प्यायचं, एवढंच ना? नाव कशाला पाहिजे? दिवसभर हे डोक्यात घोळत राहिलं. संध्याकाळी त्यानं नागोजीला विचारलं.

 नागोजीनं हात पुसले आणि तो स्टुलावर बसला.

"बादलीत तुकडे सोडताना आपण काय बदललं?"

"गॅस."

"तार बदलली?"

"न्हाय."

"पत्रा?"

"न्हाय रं. नुसता गॅस."

"का?"

"सगळंच बदललं तर कशामुळं काय झालं ते कळंल कसं?"

"मग?" नागोजी म्हणाला. "आता गॅसबी बदलणार आन् पाटीबी हलवणार. माणसं पाणी प्यायला लागली तर तुला काय कळंल? काय बी कळणार न्हाय. जन्मभर झोपताना इचार करत बसशील. एका वक्ताला एकच बदलायचं मायाप्पा. हे काय मी नव्यानं शिकवायला पायजे तुला?"

पाटी पुढंच राहिली.

टाकी शेडमध्ये आली. मायाप्पानं जुने जोड ग्राइंडरनं मुळापासनं काढले. अठ्ठ्याण्णव-दोन लावला, आणि जोडाची मागची बाजू काळी पडू नये म्हणून आतनं निव्वळ आर्गॉनची हलकी धार ठेवली. पंखा बंद केला, दार लोटलं. वाऱ्याची झुळूक आली तरी गॅसचं पांघरूण उडतं. उकाड्यानं घामाच्या धारा लागल्या, पण आर्क एका सुरात चालला होता, कढईत हलकं काही तळत असावं तसा. ऐंशी-वीसचा आवाज ह्याहून खरखरीत असतो. इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याला तोच सूर वाटला होता. शेवटचा जोड पुरा झाल्यावर त्यानं मास्क वर केला आणि पाटीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. जोड आम्लाचा लेप लावून धुतले, पुन्हा पुन्हा धुतले, पाणी भरून ठेवलं, ओतून बघितलं, चाखून बघितलं.

रविवारी सकाळी बाजार भरायच्या आत टाकी निपाणीला आपल्या जागी बसली. करिष्माही बरोबर आली होती. पाना-पक्कड देत होती, पण तोंडानं काही बोलत नव्हती. पाणी चढलं, नळ सुटले. बापलेक समोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

पहिली आली आक्काताई. कळशी घेऊन नाही, नुसतीच. वाकून बुडाचा जोड बघितला. बोट फिरवलं, बोटाकडं बघितलं. नळ सोडून ओंजळभर पाणी पदरावर घेतलं आणि पदर उन्हात धरला. मग कट्ट्याकडं बघून ओरडली, "मायाप्पा, इकडं ये!"

मायाप्पा गेला.

"डाग गेला व्हय रं?"

"गेला आक्का. गॅस चुकलाता माझा."

"गॅस चुकू दे न्हायतर आनि काय चुकू दे. माझा मोगरा गेला की त्यात! पाकळ्यांवर तांबडं ठिपकं पडायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, आक्का, फुलं शिळी हायत. मी शिळी फुलं विकत्ये व्हय?"

"मग सांगायचं न्हाय व्हय मला?"

"कसं सांगू?" आक्काताईचा आवाज एकदम खाली आला. "वर तुझ्या आईचं नाव. आन् खाली बसून मी म्हणू, पाणी घाण हाय? बाजार काय म्हणला असता? आक्काताईनं जात काढली म्हणला असता. तुलाबी तसंच वाटलं असतं. बसले मूग गिळून." मग लगेच तिचा फटकळ सूर परत आला. "तू तरी कुठं इचारलंस? यायचास, लांबनं बगायचास आन् पाव्हण्यावानी निघून जायचास!"

आणि ती गेली आणि कळशी घेऊन आली. नळ स्वतः फिरवला, कळशी भरली, आणि भरता भरता ओंजळीनं दोन घोट प्यालीसुद्धा.  मायाप्पानं तिची कळशी उचलून फुलांच्या टोपलीशेजारी नेऊन ठेवली.

आक्काताई प्यायली म्हटल्यावर मग कोण थांबतंय? रिक्षावाले आले. बाजाराला आलेल्या बायांनी बाटल्या भरल्या. दुपारपर्यंत नळाखालची माती ओली झाली. मायाप्पा करिष्माकडं बघून हळूच म्हणाला, "डागच हुता गं."

करिष्मानं हनुवटीनं रस्त्यापलीकडं दाखवलं. मारुतीरावाच्या हॉटेलसमोर टेम्पो थांबला होता. पाण्याचे जार उतरत होते.

थोड्या वेळानं मारुतीराव स्वतः रस्ता ओलांडून आला. टाकीभोवती फिरला. जोडावर हात फिरवला. "काय काम केलाय अण्णा! कुठं जोड हाय, वळखू येत न्हाय बगा." मोबाइल काढून टाकीचा फोटो काढला. मायाप्पाच्या लक्षात आलं, पाटी फोटोत येणार नाही अशा बेतानं काढला. मग हसत हसत आपल्या हॉटेलात परत गेला.

मायाप्पा कट्ट्यावर बसून राहिला. एकच गोष्ट बदलली होती. त्या एकानं बाकी सगळं बदललं, पण मारुतीराव बदलला नाही. म्हणजे हे गॅसचं नव्हतं. बादलीतल्या तुकड्यांइतकं स्वच्छ समोर दिसत होतं. इतके दिवस त्या गंजाच्या डागाआड मारुतीराव बरा लपला होता. आता डाग राहिला नाही.

छातीत दुखलं. खोटं कशाला बोला, चांगलंच दुखलं. पण ती मागची घालमेल नव्हती. कुठं किती आणि काय, एवढं तरी कळलं होतं.

"चला आप्पा," करिष्मा हळू आवाजात म्हणाली. "घरी जाऊ या."

"थांब जरा."

मायाप्पा उठला. पिशवीतनं स्टीलचा ग्लास काढला, नळावर धुतला, काठोकाठ भरला आणि रस्ता ओलांडून मारुतीरावाच्या गल्ल्यासमोर नेऊन ठेवला. हॉटेलात चार-पाच गिऱ्हाइकं होती. सगळ्यांच्या माना वळल्या.

"मारुतीराव, ऊन लई झालंय. पाणी घ्या."

मारुतीरावानं ग्लासाकडं बघितलं. "आत्ताच प्यालो की अण्णा."

"असू दे. मागनं घ्या." मायाप्पा बाकावर बसला. "एक चहा सांगा मला. तुमचा चहा मी इतकी वर्सं पितोय."

चहा आला. मायाप्पा फुंकर मारून सावकाश प्याला. मारुतीराव सुट्टे मोजत होता, पुन्हा पुन्हा तेच सुट्टे. ग्लास तिथंच होता. करिष्मा येऊन बापाशेजारी बसली. एवढ्यात एक ट्रकवाला धापा टाकत आत शिरला, समोर भरलेला ग्लास दिसला, उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. "पानी मस्त हाय," असं म्हणून मिशा पुसून गेलासुद्धा. कोपऱ्यातलं एक गिऱ्हाईक फस्सकन हसलं. मारुतीरावाच्या चेहऱ्यावर थोडं बरं वाटल्यासारखं दिसलं.

मायाप्पा उठला. रिकामा ग्लास घेऊन टाकीपाशी गेला, धुतला, पुन्हा भरला आणि आणून होता त्याच जागी ठेवला.

"अण्णा," मारुतीराव खालच्या आवाजात म्हणाला, "किती येळ बसणार असं?"

मायाप्पाच्या आवाजात राग नव्हता. बादलीपाशी बसायचा तसाच तो निवांत बसला होता.

"मला काय घाई न्हाय, मारुतीराव. टाकी हजार लिटरची हाय."

आणि त्यानं करिष्मासाठीही एक चहा सांगितला.